उमेदवारी, सँडविच आणि इंटर्नशिप: कामावरून वर्गात परतण्याचा इतिहास

इंजिनिअरिंगचे शेवटचे सत्र आले की लोटे-परशुरामच्या एमआयडीसीत सकाळच्या पाळीला कोरी हेल्मेटे घातलेली मुले-मुली दिसू लागतात. घरातली मोठी माणसे अजूनही याला ‘उमेदवारी’च म्हणतात. वकिलाकडे, छापखान्यात, होड्या बांधणाऱ्या मिस्त्रीच्या हाताखाली नाममात्र पैशांवर राहून काम शिकायचे, ही आपल्याकडची जुनी रीत. त्या रीतीत काम होते, पण वर्ग नव्हता. पुढे कॉलेजे आली, त्यांत वर्ग होता, काम नव्हते.

हे दोन्ही एका पदवीत बसवले ते अमेरिकेत हर्मन श्नायडर या प्राध्यापकाने. सिनसिनाटी विद्यापीठात १९०६ साली त्याने २७ विद्यार्थ्यांवर प्रयोग सुरू केला. विद्यार्थ्यांच्या जोड्या लावल्या. एक जण आठवडाभर कारखान्यात, दुसरा वर्गात, आणि पुढच्या आठवड्यात अदलाबदल. त्यामुळे कारखान्यातली जागा रिकामी राहत नसे आणि कामाचा पगारही मिळे. याला ‘को-ऑपरेटिव्ह’ म्हणायचे ते कॉलेज आणि कारखाना या दोघांनी मिळून शिकवायचे म्हणून. आपल्या सहकारी सोसायटीशी त्याचा संबंध नाही. माझ्या मते या कल्पनेचा जीव त्या अदलाबदलीत आहे. सोमवारी वर्गात परतणाऱ्या मुलाच्या डोक्यात गेल्या आठवड्यातले बंद पडलेले यंत्र असते. प्राध्यापकाला त्याच्या प्रश्नाला सामोरे जावेच लागते.

कॅनडात वॉटर्लू येथे १९५७ मध्ये अख्खी संस्थाच या पायावर उभी राहिली. तिथल्या उद्योजकांना इंजिनिअर हवे होते आणि त्यांनी ते घडवण्यात भाग घेतला. इंग्लंडात याच धर्तीचे ‘सँडविच’ अभ्यासक्रम होते. ते नाव आपल्याकडेही रुळले. पुणे विद्यापीठाच्या ‘प्रॉडक्शन सँडविच’ची मुले पदवीच्या मधली सत्रे कारखान्यात काढून पुन्हा वर्गात येत. राजस्थानातल्या पिलानीच्या बिट्स या इंजिनिअरिंग संस्थेने १९७३ मध्ये ‘प्रॅक्टिस स्कूल’ सुरू केले, म्हणजे पदवीच्याच काळात उद्योगात जाऊन काम शिकायचे.

देशाचा मुख्य रस्ता मात्र वेगळा ठरला. १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा मुळात कारागिरांसाठी होता. १९७३ च्या दुरुस्तीने त्यात पदवी-पदविकाधारक इंजिनिअर आले. वर्षभर प्रशिक्षण, विद्यावेतनाचा अर्धा भार केंद्राकडे. गरीब घरांतल्या कितीतरी मुलांना याचा मोठा आधार झाला. पण हे वर्ष पदवी हातात पडल्यावरचे. तिथे पडलेला प्रश्न घेऊन परतायला वर्ग उरलेला नसतो.

आता कोकणाकडे पाहू. इथे शिकण्याजोगे काम कधीच कमी नव्हते. कोयना प्रकल्पाचे पोफळीचे भूमिगत वीजगृह साठच्या दशकातले. कोकण रेल्वे महामंडळ १९९० मध्ये स्थापन झाले आणि २६ जानेवारी १९९८ ला पूर्ण मार्ग खुला झाला. करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा आणि पानवल नदीवरचा ६४ मीटर उंच पूल, दोन्ही रत्नागिरीच्या अंगणात. पण लोणेऱ्याचे तंत्रशास्त्र विद्यापीठ १९८९ चे, तेही शेजारच्या रायगड जिल्ह्यात, रत्नागिरीचे फिनोलेक्स कॉलेज १९९६ चे, आंबवचे माने कॉलेज १९९८ चे. म्हणजे रत्नागिरी जिल्ह्यात पदवीचे वर्ग रुजेपर्यंत रेल्वेचे खोदकाम उरकलेही होते. हे मला अजून बोचते.

२०१८ नंतर एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या आदर्श अभ्यासक्रमाने इंटर्नशिपला श्रेयांक दिले, ही चांगलीच गोष्ट झाली. पण अनेक कॉलेजांत ती शेवटच्या सत्रात गेली. देवरुखकडची माझ्या ओळखीची एक मुलगी असेच शेवटचे सत्र एका रासायनिक कारखान्यात काढत होती. एका दुपारी पंपाचा आवाज बदलला. जुन्या ऑपरेटरने कान दिला आणि म्हणाला, ‘दगड चावतोय.’ त्याने सक्शनची, म्हणजे पंप द्रव ओढून घेतो त्या बाजूची, जाळी काढायला लावली, तर ती गाळाने बुजलेली. पंपाला पुरेसा द्रव मिळेना, की आतला दाब उतरून बुडबुडे होतात, ते फुटतात आणि पात्याचा धातू कुरतडतात. याचीच गणिते तिने परीक्षेत सोडवली होती, पूर्ण गुण मिळवून. तो आवाज मात्र पहिल्यांदाच ऐकला. किती बुजल्यावर हा आवाज सुरू होतो, हे तिला सरांबरोबर आकडे मांडून काढायचे होते. पण तिचा शेवटचा तास होऊन गेला होता.

उन्हाळी सुट्टीतल्या ट्रेनिंगची अडचण आणखी वेगळी, आणि ती खास आपल्या किनाऱ्याची आहे. स्थापत्यची मुले मे महिन्यात रेल्वेच्या कटिंगवर, म्हणजे रुळांसाठी डोंगर कापलेल्या जागी, जातात तेव्हा जांभ्याचा उतार कोरडा खडखडीत असतो. जूनमध्ये रेल्वेचे पावसाळी वेळापत्रक लागू होते, गाड्यांचा वेग उतरतो, गस्तीची माणसे रात्रभर रुळांवरून चालतात, पाणी मुरून माती कुठे फुगते ते पाहतात. उताराची स्थिरता शिकायची ती याच दिवसांत. कॉलेजचे नवे सत्रही नेमके तेव्हाच सुरू होते आणि मुले फळ्यासमोर बसलेली असतात. श्नायडरसारखी जोडी इथे लावायची तर एका तुकडीला पावसाळ्यात रुळांवर पाठवून दिवाळीनंतर वर्गात आणावे लागेल, आणि त्यासाठी आधी विद्यापीठाच्या सत्रांचे वेळापत्रक बदलावे लागेल.