प्रमाणपत्राला पत कशी येते : नागपुरातील व्यवसाय शिक्षणाची पार्श्वभूमी

दहावीचा निकाल लागला की नागपुरातील बहुतेक घरांत अकरावी विज्ञान, मग तंत्रनिकेतन आणि सर्वांत शेवटी आयटीआय (औद्योगिक प्रशिक्षण संस्था) असा उतरता क्रम कोणी न सांगताच ठरलेला असतो. हा क्रम बदलावा, व्यवसाय शिक्षणाला समाजात मान मिळावा, यासाठी शासन जाहिराती करते, मेळावे भरवते, दिन साजरे करते. या प्रयत्नांमागे बहुधा एक गृहीतक असते की, पालकांची पांढरपेशी मनोवृत्ती हीच खरी अडचण असून ती बदलली की प्रश्न सुटेल. नागपूर आणि परिसराचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास मात्र या गृहीतकाला फारसा आधार देत नाही. येथील लोकांनी प्रत्येक काळात हाताच्या शिक्षणाची किंमत दोन गोष्टींवरून जोखली : त्यातून काम मिळते का, आणि त्याच्यापुढे शिकता येते का. या दोन प्रश्नांची उत्तरे ज्या काळात जशी होती, तशीच त्या शिक्षणाची पत राहिली.

नागपुरात आधुनिक यंत्रावरचे कौशल्य आले ते शाळेतून आले नाही, गिरणीतून आले. रेल्वे १८६७ साली येथे पोचली आणि जमशेटजी टाटा यांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. कापूस जवळ आणि वरोऱ्याचा कोळसाही हाताशी, म्हणून मुंबई सोडून नागपूर निवडले गेले. मिलचे व्यवस्थापक बेझनजी मेहता हे रेल्वेच्या नोकरीतून आलेले होते आणि त्यांना कापडगिरणीचा पूर्वानुभव नव्हता, ही बाब त्या काळातील औद्योगिक शिक्षणाच्या अवस्थेबद्दल पुरेसे सांगते : शिकवणारी संस्थाच नसल्यामुळे व्यवस्थापकापासून साच्यावरच्या कामगारापर्यंत सगळ्यांनी कामावरच काम शिकायचे होते. खात्यात माणसे आणणारा जॉबर हाच त्यांचा भरतीदार, तोच मुकादम आणि तोच शिक्षक. बदली कामगार म्हणून आत शिरलेला मुलगा जाणत्या कामगाराच्या शेजारी उभा राहून धागा सांधायला शिके आणि वर्षानुवर्षांनी कायम होई. या शिक्षणाला कागद नव्हता, तरी वस्तीत त्याला मान होता, कारण महिन्याचा पगार सर्वांना दिसत होता.

शाळा-महाविद्यालयांच्या बाजूने पाहिले तर चित्र वेगळे होते. १८८२ च्या हंटर आयोगाने माध्यमिक शिक्षणाचे दोन प्रवाह सुचवले होते, एक विद्यापीठाकडे नेणारा आणि दुसरा व्यवहारोपयोगी. दुसऱ्या प्रवाहाकडे देशभर फार थोडे विद्यार्थी वळले, कारण सरकारी नोकरीचा रस्ता पहिल्या प्रवाहातून जात होता. मध्य प्रांताच्या राजधानीत, म्हणजे नागपुरात, १९१४ साली सरकारी अभियांत्रिकी शाळा सुरू झाली. सदरमध्ये मंगळवारी बाजाराजवळ असलेले आजचे शासकीय तंत्रनिकेतन ते हेच. या शाळेला पहिल्यापासून प्रतिष्ठा होती, आणि त्याचे कारण शोधायला दूर जावे लागत नाही : तेथून बाहेर पडणाऱ्यासाठी सरकारी खात्यांतील तांत्रिक नोकरीचा रस्ता मोकळा होता. कामठीचे खाणमालक रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी १९३० साली मृत्युपत्राद्वारे आपली संपत्ती नागपूर विद्यापीठाला उपयोजित विज्ञानाच्या शिक्षणासाठी दिली आणि त्यातून १९४२ साली लक्ष्मीनारायण तंत्रशास्त्र संस्था उभी राहिली. उद्योगातून मिळालेला पैसा उद्योगाच्या शिक्षणाकडे परत वळवण्याचे विदर्भातील हे सर्वांत मोठे उदाहरण म्हणावे लागेल. मात्र ते पदवीच्या पातळीवरचे होते. कारागिराच्या पातळीवर असा दाता पुढे आला नाही.

कारागिराच्या बाजूने सर्वांत मूलगामी मांडणी झाली ती नागपूरपासून सुमारे ७५ किलोमीटरवर, वर्ध्यात. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी तेथे महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने तिच्यातून नई तालीमची योजना तयार केली. सूतकताई, विणकाम, शेती किंवा सुतारकाम यांपैकी एक उद्योग केंद्रस्थानी ठेवून त्याच्या अनुषंगाने गणित, भाषा, भूगोल शिकवायचे, सात वर्षांचे शिक्षण मातृभाषेतून आणि मोफत द्यायचे, असा तिचा गाभा होता. सेवाग्रामला आर्यनायकम् दांपत्याने हे प्रत्यक्षात चालवून दाखवले. टकळीवर निघालेल्या सुताची लांबी मोजताना मूल गुणाकार शिकते, कापसाच्या वाणावरून जमीन आणि हवामान शिकते, हे तेथे रोजच्या वर्गात घडत होते. हाताचे काम ही ज्ञानाची निकृष्ट शाखा नाही, ज्ञान त्यातूनच उगवू शकते, हे इतक्या स्पष्टपणे भारतात त्याआधी शिक्षणयोजनेच्या रूपात कोणी मांडले नव्हते, आणि माझ्या मते आजच्या कौशल्यधोरणातील पुष्कळ कल्पनांचे मूळ तेथेच आहे.

असे असूनही ही योजना टिकली नाही. स्वातंत्र्यानंतर नई तालीमच्या मूलोद्योगी शाळा खेड्यांपुरत्या उरल्या आणि शहरात इंग्रजी-गणिताच्या शाळा पूर्वीसारख्याच चालू राहिल्या. मूलोद्योगी शाळेतून निघालेल्या मुलाला हायस्कूलची आणि महाविद्यालयाची वाट सहज मोकळी नव्हती. नेते आणि अधिकारी ज्या शाळेत आपली मुले घालत नाहीत, त्या शाळेचा गौरव भाषणांतून कितीही केला तरी गावातला पालक फसत नाही. त्याने आपले मूल शक्य तेव्हा दुसऱ्या शाळेत घातले आणि त्याचा हा निर्णय चुकीचा होता असे म्हणता येत नाही.

आजचे आयटीआय या प्रवाहातून आलेलेच नाही. त्याचा उगम युद्धात आहे. दुसऱ्या महायुद्धात कारखान्यांना आणि लष्कराला तंत्रज्ञ कमी पडू लागले तेव्हा सरकारच्या कामगार खात्याने १९४० पासून झटपट प्रशिक्षणाची केंद्रे उघडली. ब्रिटनचे तत्कालीन कामगार मंत्री अर्नेस्ट बेव्हिन यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या योजनेखाली भारतीय तरुणांच्या तुकड्या प्रशिक्षणासाठी ब्रिटनलाही गेल्या. युद्ध संपताना, १९४५ साली, सैन्यातून मोकळ्या झालेल्यांसाठी पुनर्वसन व रोजगार महासंचालनालय स्थापन झाले आणि फाळणीनंतर हीच यंत्रणा निर्वासितांसाठी वापरली गेली. शिकवणाऱ्यांना शिकवणारी केंद्रीय संस्था १९४८ साली बिलासपूरजवळ कोनी येथे निघाली. बिलासपूर तेव्हा नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांत व वऱ्हाडातच होते. १९५० साली शिल्प कारागीर प्रशिक्षण योजना सुरू झाली आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थांना आजचे रूप मिळू लागले.

या जन्मकथेचा परिणाम दूरवर झाला. आयटीआय शिक्षण खात्यात जन्मले नाही, रोजगार आणि पुनर्वसनाच्या खात्यात जन्मले. त्यामुळे तेथील प्रमाणपत्र नोकरीचा दाखला ठरले, शिक्षणाची पायरी ठरले नाही. आठवी किंवा दहावीनंतर दोन वर्षे मेहनत केलेला मुलगा शैक्षणिक पात्रतेच्या रकान्यात आठवी किंवा दहावीच लिहीत राहिला. १९५६ साली शिवा राव समितीच्या शिफारशीनुसार या संस्थांचा दैनंदिन कारभार राज्यांकडे गेला, तर अभ्यासक्रम आणि अखिल भारतीय परीक्षा या गोष्टी केंद्र सरकारच्या परिषदेकडे राहिल्या. नागपूरच्या दृष्टीने हे वर्ष दुहेरी उलथापालथीचे होते, कारण १ नोव्हेंबर १९५६ रोजी नागपूर राजधानी न राहता द्विभाषिक मुंबई राज्यात गेले. निर्णय घेणारी कार्यालये दूर गेल्यावर प्रादेशिक संस्थांचा आवाज क्षीण होतो, आणि विदर्भातील संस्थांच्या बाबतीत हे दीर्घकाळ जाणवले. महाराष्ट्रात व्यवसाय शिक्षणासाठी स्वतंत्र संचालनालय होण्यासाठी १९८४ साल उजाडावे लागले.

संस्थेच्या आत मात्र शिक्षण पक्के होते आणि ते कसे चालते हे बाहेर फारसे कोणाला माहीत नसते. जोडारी (फिटर) व्यवसायाच्या प्रशिक्षणार्थ्याच्या हाती सुरुवातीला पोलादाचा तुकडा आणि कानस दिली जाते. व्हाइसमध्ये बांधलेला तो तुकडा चारही बाजूंनी सपाट आणि काटकोनात आणायचा असतो, गुण्या (काटकोन तपासायचे साधन) लावून उजेडाकडे धरायचा असतो, आणि पात्याखालून उजेडाची रेघ दिसली की पुन्हा कानस चालवायची असते. हातावरचे फोड बसेपर्यंत हे चालते. पुढे एकात एक बसणारे दोन भाग करायचे असतात, त्यांतील फट मिलिमीटरच्या शतांश भागात मोजली जाते आणि शिल्प निदेशक व्हर्निअर लावून मगच जॉबवर गुण देतात. येथे पाठांतराने उत्तीर्ण होता येत नाही. श्रद्धानंद पेठेतील शासकीय संस्थेतून असे शिकून निघालेल्या पिढ्या अंबाझरीच्या आयुध निर्माणीत, मोतीबागच्या रेल्वे कारखान्यात, कोराडी आणि खापरखेड्याच्या वीज केंद्रांत, हिंगणा आणि बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतींत कामाला लागल्या. शिकाऊ उमेदवारी अधिनियम १९६१ साली झाला आणि आस्थापनांवर उमेदवार घेण्याचे बंधन आले. विद्यावेतन थोडे होते, पण उमेदवारी संपली की कायम होण्याची आशा होती. साठ ते ऐंशीच्या दशकांत नागपूरच्या कामगार वस्त्यांत आयटीआयला जी प्रतिष्ठा होती ती या आशेवर उभी होती.

शाळांमध्ये व्यवसाय शिक्षण आणण्याचा प्रयत्न याच काळात वेगळ्या वाटेने चालू होता. कोठारी आयोगाने १९६६ साली दहावीनंतरचे निम्मे विद्यार्थी व्यावसायिक अभ्यासक्रमांत असावेत असे उद्दिष्ट सुचवले. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ते खाली आणून १९९५ पर्यंत २५ टक्के ठेवले, आणि तेही गाठले गेले नाही. महाराष्ट्रात अकरावी-बारावीला नेहमीच्या विषयांबरोबर एक व्यवसाय विषय देणारा द्विलक्षी अभ्यासक्रम आणि नंतर एमसीव्हीसी, म्हणजे किमान कौशल्यावर आधारित व्यवसाय अभ्यासक्रम, आले. द्विलक्षीला मुले आनंदाने गेली, कारण तेथून अभियांत्रिकीची वाट खुली राहत होती. एमसीव्हीसीकडे कमी गुणांची मुले वळली, कारण तिची वाट बारावीनंतर अरुंद होत होती. एकाच राज्यातील दोन अभ्यासक्रमांबद्दलचा हा फरक मनोवृत्तीच्या सिद्धांताने समजत नाही.

नव्वदच्या दशकात काम मिळण्याची बाजूही ढासळली. सार्वजनिक उद्योगांतील भरती आटली आणि कंत्राटी पद्धत आली. डबघाईला आलेली एम्प्रेस मिल १९८६ मध्ये शासकीय महामंडळाकडे गेली आणि २००२ साली कायमची बंद झाली. वीस-तीस वर्षे यंत्रावर घालवलेले कामगार बाहेर पडले तेव्हा त्यांच्या हातातील कसब सिद्ध करणारा कोणताही कागद त्यांच्याजवळ नव्हता. अनुभवाने मिळवलेल्या कौशल्याची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय केंद्राच्या कौशल्य योजनेत २०१५ नंतर आली. या माणसांसाठी ती फार उशिरा आली, आणि या विषयाच्या इतिहासातील ही सर्वांत दुखरी जागा आहे.

कौशल्यविकास हा शब्द सरकारी कारभारात रुळला तो २००८ साली राष्ट्रीय कौशल्य विकास महामंडळ झाल्यानंतर. २०१४ साली स्वतंत्र मंत्रालय आले आणि १५ जुलै २०१५ रोजी, पहिल्या जागतिक युवा कौशल्य दिनी, कौशल्य भारत मोहीम सुरू झाली. प्रतिष्ठा वाढवणे हे तिचे उघड उद्दिष्ट होते. कझान येथील २०१९ च्या जागतिक कौशल्य स्पर्धेत भारताला जल तंत्रज्ञानात सुवर्णपदक मिळाले आणि वृत्तपत्रांनी त्याची दखल घेतली. १७ सप्टेंबर २०२२ रोजी, विश्वकर्मा जयंतीला, आयटीआयच्या प्रशिक्षणार्थ्यांचा देशव्यापी दीक्षान्त समारंभ पहिल्यांदाच झाला. सत्तर वर्षे चालत आलेल्या योजनेला दीक्षान्त समारंभ नसावा, ही उणीव होतीच आणि ती दूर झाली हे चांगले झाले. विद्यार्थ्यांच्या आणि त्यांच्या आईवडिलांच्या दृष्टीने त्या दिवसाचे मोल कमी लेखू नये.

तरीही प्रतिष्ठेत खरा फरक पडला तो नियमांच्या बारीक बदलांमुळे. दोन वर्षांचा आयटीआय पूर्ण केलेल्याला तंत्रनिकेतनाच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळू लागला. भाषा विषयांची परीक्षा देऊन दहावी किंवा बारावीची समकक्षता मिळवण्याची सोय झाली. महावितरणच्या विद्युत सहायक भरतीत वीजतंत्री (इलेक्ट्रिशियन) आणि तारतंत्री (वायरमन) यांचे प्रमाणपत्र पात्रता म्हणून धरले जाते, आणि प्रवेशाच्या वेळी वीजतंत्रीची गुणवत्ता यादी चढी लागण्याचे एक मोठे कारण हेच आहे. नागपूर विमानतळालगतच्या मिहान प्रकल्पात विमान उद्योग आल्यानंतर दासॉ एव्हिएशन या फ्रेंच विमान कंपनीच्या सहकार्याने नागपूरच्या शासकीय आयटीआयमध्ये विमानाच्या सांगाड्याच्या जोडणीचा व्यवसाय सुरू झाला. त्याला स्वतंत्र जाहिरातीची गरज नव्हती. कारखाना डोळ्यांसमोर उभा होता.

मान असा नियमांतून आणि रचनेतून येतो, हेच परदेशांशी तुलना करताना विसरले जाते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये बाराव्या पंचवार्षिक योजनेच्या आधारे दिलेले आकडे वारंवार उद्धृत होतात : १९ ते २४ वयोगटातील कामगारांपैकी औपचारिक व्यवसाय शिक्षण घेतलेले भारतात ५ टक्क्यांहून कमी, तर जर्मनीत ७५ टक्के. पण जर्मनीत शिकाऊ उमेदवाराशी करार कारखाना करतो, आठवड्यातील काही वेळ तो उमेदवार व्यवसाय शाळेत शिकतो, परीक्षा उद्योगांची मंडळे घेतात, आणि पुढे माइस्टर (परीक्षा उत्तीर्ण उस्ताद) झालेला कारागीर राष्ट्रीय अर्हता आराखड्यात पदवीधराच्याच, म्हणजे सहाव्या पातळीवर असतो. तेथील मान या रचनेतून आला आहे.

२०२० च्या धोरणाने २०२५ पर्यंत किमान निम्म्या विद्यार्थ्यांना व्यवसाय शिक्षणाची ओळख करून देण्याचे उद्दिष्ट ठेवले आणि २०२३ च्या राष्ट्रीय श्रेयांक (क्रेडिट) आराखड्याने प्रशिक्षणाचे तासही श्रेयांकात मोजण्याची तरतूद केली. कागदावर ही पायरी १९५० पासून राहिलेली उणीव भरून काढणारी आहे. वेल्डिंगच्या प्रशिक्षणात जमा झालेले श्रेयांक नागपुरातील एखादे महाविद्यालय प्रवेशाच्या खिडकीवर खरोखर मान्य करते का, आणि उमेदवारी संपवलेल्या मुलाला बुटीबोरीतील कारखाना कंत्राटदारामार्फत न घेता स्वतःच्या हजेरीपटावर घेतो का, यावर या वेळची योजना पालकांकडून तपासली जाईल.