पर्सेंटाइल, पण कुणाच्या तुलनेत?

दर वर्षी सीईटीचा निकाल लागला की घरोघरी तोच घोळ सुरू होतो. नातवाला ९२ पर्सेंटाइल मिळालेले असतात आणि आजोबा शेजारी सांगून येतात, ९२ टक्के पडले. पेपरातलं किती बरोबर आलं हे टक्क्यांवरून कळतं. परीक्षेला बसलेल्यांपैकी किती जण तुमच्या मागे राहिले हे पर्सेंटाइलवरून कळतं. म्हणजे तो आकडा जेवढा तुमच्याबद्दल असतो, तेवढाच तुमच्याबरोबर बसलेल्या गर्दीबद्दलही असतो. गर्दी बदलली की तुम्ही होता तिथेच राहता, पण तुमचा पर्सेंटाइल बदलतो.

निकालाच्या कागदावर ही गर्दी छापलेली नसते, म्हणून तिचा विसर पडतो. असा विसर एका देशाच्या सैन्याला पडला, तेव्हा पावणेपाच वर्षांत तीन लाखांहून जास्त असे तरुण भरती झाले, ज्यांना त्या सैन्याच्याच नियमांनुसार दारातून परत पाठवायला हवं होतं. मानसशास्त्रीय चाचण्यांच्या इतिहासात इतका शिकवून जाणारा प्रसंग मला दुसरा माहीत नाही.

अमेरिकेत शाळा संपवून सैन्यात जायचं तर 'ॲस्व्हॅब' नावाची चाचणी द्यावी लागते. १९६८ मध्ये ती शाळांसाठी सुरू झाली आणि १९७६ पासून सगळ्या दलांनी भरतीसाठी हीच एक चाचणी धरली. आजही तिथल्या हजारो हायस्कुलांत ती विनाशुल्क घेतली जाते, त्यामुळे तिकडे वाढणाऱ्या मराठी मुलांसमोरही अकरावी-बारावीत ती येऊ शकते, मग मनात सैन्य असो वा नसो. तिच्यात विज्ञान, इलेक्ट्रॉनिक्स, गाड्यांची दुरुस्ती, यंत्रांची समज असे बरेच विभाग आहेत. पण सैन्यात प्रवेश मिळणार की नाही हे फक्त चार विभागांवर ठरतं: दोन गणिताचे, दोन भाषेचे. त्यांतून निघणाऱ्या गुणाला 'एएफक्यूटी' म्हणतात आणि तो १ ते ९९ या पर्सेंटाइलमध्ये सांगतात. ९३ आणि त्यापुढचे पहिल्या वर्गात, १० ते ३० मधले चौथ्या वर्गात आणि १० च्या खालचे पाचव्या. पाचव्या वर्गाला कायद्यानेच प्रवेश नाही. उरलेल्या विभागांच्या गुणांवरून कुणाला रडार द्यायचं आणि कुणाला स्वयंपाकघर, हे ठरतं.

आता गर्दीचा प्रश्न. १९७० च्या दशकात अठरा वर्षांच्या मुलाला ३१ पर्सेंटाइल मिळाले, तर तो नेमका कुणापेक्षा पुढे होता? उत्तर चकित करणारं आहे. ३१ डिसेंबर १९४४ या दिवशी अमेरिकी सैन्यात असलेल्या पुरुषांपेक्षा! दुसऱ्या महायुद्धातली ती फौज म्हणजे चाचण्यांसाठी नेमलेला संदर्भगट होता आणि पुढची जवळजवळ चाळीस वर्षं प्रत्येक नव्या पोराची तुलना त्याच फौजेशी होत राहिली. यात मुळात चूक नाही. संदर्भगट पक्का राहिला तरच यंदाची भरती आणि दहा वर्षांपूर्वीची भरती शेजारी ठेवून बघता येते. अडचण अशी की पेपर मात्र दर काही वर्षांनी बदलावा लागतो, नाहीतर प्रश्न फुटतात. १९४४ च्या सैनिकांना बोलावून नवा पेपर तर देता येत नाही. मग नव्या पेपरातले ३६ गुण म्हणजे १९४४ च्या फौजेत कितवा पर्सेंटाइल, हे कळणार कसं?

मला या विषयातला सगळ्यात आवडणारा भाग इथे सुरू होतो. आजच्या काही तरुणांचा गट घ्यायचा आणि त्यांना जुना व नवा असे दोन्ही पेपर द्यायचे. जुन्या पेपराचं १९४४ शी असलेलं नातं आधीच माहीत आहे. समजा, जुन्या पेपरात ४० गुण म्हणजे ३१ वा पर्सेंटाइल, आणि आत यायला तेवढा पर्सेंटाइल लागतो. आता या गटातले किती जण जुन्या पेपरात ४० च्या खाली राहिले ते मोजायचं. समजा ३० टक्के. मग नव्या पेपरात असा कोणता गुण आहे की ज्याच्या खाली याच गटातले बरोबर ३० टक्के राहतात? समजा तो ४२ निघाला. झालं, जुने ४० म्हणजे नवे ४२, आणि नव्या पेपरात ४२ मिळवणाऱ्याला ३१ वा पर्सेंटाइल द्यायचा. प्रत्येक गुणासाठी असं करत गेलं की पूर्ण तक्ता तयार होतो. माणसं तीच, पेपर दोन, आणि माणसांच्या क्रमावरून पेपरांचं नातं जोडलेलं. (हे सगळे आकडे समजावण्यापुरते घेतले आहेत.)

या पद्धतीचा जीव एका गृहीतकात आहे: गटातल्या मुलांनी दोन्ही पेपर सारख्याच तयारीने दिले पाहिजेत. आता कल्पना करा, त्यातल्या बऱ्याच जणांना जुन्या पेपराची उत्तरं कुणीतरी आधीच घोकून दिली आहेत. भरती अधिकाऱ्यांना महिन्याला ठरावीक पोरं भरायची असतात, त्यामुळे हे घडायला वेळ लागत नाही. मग जुन्या पेपरात ४० च्या खाली ३० टक्क्यांऐवजी २० टक्केच राहतात. नवा पेपर मात्र कुणी पाहिलेला नाही, तिथे पोरांची खरी तयारी दिसते. आता २० टक्के ज्याच्या खाली राहतात तो नव्या पेपरातला गुण शोधला, तर तो ४२ नाही, ३६ येतो. तक्त्यात नोंद होते, नवे ३६ म्हणजे ३१ वा पर्सेंटाइल. त्या दिवसापासून देशभरात ३६ गुण मिळवणारा प्रत्येक जण आत येतो, त्याने स्वतः कधी कोचिंग घेतलेलं नसलं तरी. फसवणूक शे-दोनशे जणांच्या गुणांत झालेली असते, पण ती तक्त्यात शिरते आणि तिथून लाखोंच्या निकालात.

जानेवारी १९७६ मध्ये लागू झालेल्या पेपरांची जुळवणी अशीच बिघडली होती. नंतरच्या तपासात कोचिंगमुळे फुगलेले जुने गुण हे तिचं एक महत्त्वाचं कारण निघालं. तळाकडचे गुण सर्वांत जास्त फुगले, म्हणजे नेमके जिथे 'घ्यायचं की नाही' हा निर्णय होतो तिथले. १९७९ साली सगळ्या दलांनी मिळून सांगितलं होतं की भरती केलेल्या जवानांत चौथ्या वर्गातले फक्त ५ टक्के आहेत. तक्ता दुरुस्त केल्यावर तो आकडा सुमारे ३० टक्के निघाला. एकट्या भूदलात ९ टक्क्यांचे ४६ टक्के झाले.

किराणा दुकानातलं किलोचं वजन झिजून आठशे ग्रॅमचं झालं, तर ते त्याच दुकानात बसून कळत नाही, दुसरा तराजू लागतो. हा दुसरा तराजू १९८० साली आला. देशभरातून शास्त्रीय पद्धतीने निवडलेल्या सुमारे १२ हजार तरुण-तरुणींना ॲस्व्हॅब देण्यात आली. सैन्यात जायचंय की नाही याच्याशी त्यांचा संबंध नव्हता, त्यामुळे पहिल्यांदाच देशातल्या खऱ्या तरुण पिढीचं चित्र मिळालं आणि १९४४ ची फौज निवृत्त झाली. २००४ पासून तुलना १९९७ साली चाचणी दिलेल्या तरुणांशी होते. म्हणजे आज न्यू जर्सीतल्या मुलीला ७० पर्सेंटाइल मिळाले, तर तिच्या वर्गातली मुलं त्या हिशेबात कुठेच नसतात. ती तुलना तिच्या जन्माआधी पेपर देऊन गेलेल्या पिढीशी असते.

हे कळलं की आपल्याकडे मुलांच्या कलचाचणीच्या नावाने जे विकलं जातं, त्याच्याकडे वेगळ्या नजरेनं बघता येतं. बोटांचे ठसे घेऊन 'जन्मजात कुवत' सांगणारे रंगीत अहवाल पालक हजारो रुपये मोजून घेतात. ते विकणाऱ्यांना विचारा, अहवालातला हा ८५ कुणाच्या तुलनेत? कोणत्या मुलांचे ठसे घेतले होते आणि दहा वर्षांनी ती मुलं काय करत होती, हे कुणी तपासलं? उत्तर मिळणार नाही, कारण आईच्या पोटात असतानाच ठरलेल्या त्या रेषांचा गणिताशी वा नेतृत्वाशी संबंध असल्याचा पुरावाच नाही. मंगळ बलवान म्हणून सैन्यात पाठवा, हा सल्लाही त्याच जातीचा. २००८ साली पुण्यात डॉ. जयंत नारळीकर, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि सहकाऱ्यांनी ज्योतिषांची चाचणी घेतली होती. हुशार मुलांच्या शंभर आणि मतिमंद मुलांच्या शंभर पत्रिका होत्या. भाग घेतलेल्या २७ ज्योतिषांपैकी प्रत्येकाला त्यातल्या चाळीस देऊन वेगळ्या करायला सांगितल्या. सरासरी ४६ टक्के बरोबर आल्या. नाणं उडवून निम्म्या आल्या असत्या.

विज्ञानाचं नाव लावलं म्हणजे मोजमाप शुद्ध झालं, असंही नाही. १९१७-१८ मध्ये मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट यर्क्स यांच्या पुढाकाराने अमेरिकेत सुमारे १७ लाख सैनिकांची 'आर्मी आल्फा' आणि 'बीटा' चाचणी झाली. तिच्यातले काही प्रश्न अमेरिकेतल्या बेसबॉलपटूंवर आणि दुकानातल्या ब्रँडवर होते. नुकत्याच बोटीतून उतरलेल्या इटालियन वा पोलिश माणसाला ते येईनात, आणि त्यावरून त्याच्या वंशाची बुद्धी कमी ठरवली गेली. असे निष्कर्ष १९२३ मध्ये हिरिरीने मांडणाऱ्या मानसशास्त्रज्ञ कार्ल ब्रिगम यांनी १९३० मध्ये ते स्वतःच मागे घेतले. मला ब्रिगम यांच्या चुकीपेक्षा ही माघार मोठी वाटते.

मग एएफक्यूटीवरून खरंच काही कळतं का? कळतं, पण एका मर्यादेत. १९७६ च्या गोंधळानंतर अमेरिकी संसदेने जाब विचारला आणि १९८० च्या दशकात मोठा प्रकल्प उभा राहिला. जवानांना प्रत्यक्ष त्यांचं काम करायला लावून गुण दिले गेले आणि ते प्रवेशाच्या गुणांशी ताडून पाहिले. नातं निघालं, मध्यम ताकदीचं. इथे एक बारकावा आहे: ज्यांना आत घेतलं त्यांच्याच कामाचे गुण आपल्याकडे असतात. गुणांच्या पट्ट्यातला खालचा भाग आधीच कापलेला असल्यामुळे मोजलेलं नातं खऱ्यापेक्षा कमकुवत दिसतं. हे नातं सांगणाऱ्या आकड्याची, म्हणजे सहसंबंधाची, दुरुस्ती करावी लागते ती म्हणूनच. चुकीच्या तक्त्यामुळे आत आलेले ते तीन लाख संशोधकांना इतके मोलाचे वाटले, कारण एरवी न दिसणारा हा भाग त्यांच्यामुळे दिसला. गट म्हणून ते मागे होते, पण त्यांच्यातल्या अनेकांनी सेवा पूर्ण केली, बढत्याही घेतल्या.

कोण टिकेल, हे मात्र या चाचणीवरून फारसं कळत नाही. ते कळतं शाळेच्या दाखल्यावरून. रीतसर हायस्कूल पूर्ण करून आलेल्या दर दहांपैकी साधारण आठ जण पहिली तीन वर्षं काढतात. शाळा अर्धवट सोडलेल्यांपैकी साधारण निम्मेच. जे शाळा सोडून नंतर 'जीईडी' ही समकक्ष परीक्षा पास होतात, त्यांची हुशारी हायस्कूल पूर्ण केलेल्यांच्या जवळपास असते, पण गळतीत ते शाळा सोडलेल्यांसारखेच निघतात. चार वर्षं रोज वेळेवर वर्गात जाऊन बसण्यात जे काही असतं, ते तीन तासांच्या पेपरात उतरत नाही.

म्हणून तिकडच्या मुलांनी गुण बघून उडी मारू नये किंवा खचूही नये असं मला मनापासून वाटतं. शाळेत ॲस्व्हॅब दिल्याने कसलंही बंधन येत नाही आणि तो गुण भरती अधिकाऱ्यांकडे पाठवायचा की नाही हे शाळेला ठरवता येतं. भरतीसाठी तो दोन वर्षं चालतो, तेव्हा एक वर्ष कॉलेज करून बघायलाही जागा आहे. भरतीसाठी नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड लागतं, सतराव्या वर्षी आईवडिलांची सही लागते. पहिला करार बहुधा चार वर्षांचा दिसला, तरी राखीव दलातला काळ धरून एकूण बांधिलकी आठ वर्षांची असते. सही केल्यावर प्रशिक्षणाला निघेपर्यंत वर्षभराचाही काळ जाऊ शकतो आणि त्या काळात नाव मागे घेता येतं. हे मुलांना कुणीतरी स्पष्ट शब्दांत सांगायला हवं, कारण समोर बसलेल्या भरती अधिकाऱ्याला ते सांगण्यात रस नसतो.

आपल्याकडे २०२३ पासून भूदलाच्या अग्निवीर भरतीत आधी ऑनलाइन लेखी परीक्षा आणि मग मैदान, असा क्रम झाला. साताऱ्या-कोल्हापुरातली पोरं पूर्वी आधी धावायची, आता आधी संगणकासमोर बसतात. चार वर्षांनी त्यांच्यातले जास्तीत जास्त २५ टक्के कायम होतील. प्रत्येकाचे प्रवेशाचे गुण, शाळेचा दाखला आणि चार वर्षांची कामगिरी, हे सगळं एका जागी ठेवून कुणी नीट अभ्यास केला आणि तो लोकांसमोर आणला, तर बारावीनंतर मैदानावर उतरणाऱ्या पोराला त्याचा कितीतरी उपयोग होईल.