वाळूत मनोरा रोवण्याचा इतिहास

रेडिओचा मनोरा वाळूत उभारायचा म्हटलं की पहिली भीती वाटते ती तो खचण्याची. पण लोखंडी जाळीचा मनोरा त्याच्या उंचीच्या मानाने हलका असतो. नीट दाबून बसलेल्या वाळूला त्याचं वजन सहज पेलतं. घात करतो तो वारा. मनोऱ्याला तो एका अंगाने रेटतो, पलीकडचा पाय जमिनीत दाबला जातो आणि वाऱ्याकडचा पाय उपटायला लागतो. चिकणमाती अशा पायाला निदान थोडा वेळ धरून ठेवते. कोरड्या वाळूचे कण एकमेकांना चिकटत नाहीत. त्यांच्यात असतं ते फक्त घर्षण, आणि तेही वरून वजन असेल तोवरच. वाळूतल्या पायाभरणीचा सगळा इतिहास या एका अडचणीभोवती फिरतो.

ही अडचण रेडिओच्या आधीची आहे. समुद्रातल्या वाळूच्या दांड्यांवर दीपगृह उभं कसं करायचं, हा एकोणिसाव्या शतकातला मोठा प्रश्न होता. त्यावर तोड काढली अलेक्झांडर मिचेल या आयरिश अभियंत्याने. तरुणपणीच त्याची दृष्टी गेली होती. 1833 साली त्याने स्क्रूसारख्या लोखंडी खांबाचं पेटंट घेतलं. खांबाच्या टोकाला रुंद पातं, आणि खांब ठोकायचा नाही, फिरवत फिरवत वाळूत उतरवायचा. 1838 मध्ये इंग्लंडमधल्या टेम्स नदीच्या मुखाजवळच्या मॅपलिन सँड्सवर असे नऊ खांब रोवले गेले. पातं सुमारे 4 फूट व्यासाचं होतं. यातली खरी हुशारी अशी की खांब उपटायचा तर पात्यावरची सगळी वाळू सोबत उचलावी लागते. जी वाळू धरून ठेवत नाही, तिचंच वजन कामाला लावलं. दृष्टी नसलेल्या माणसाने जमिनीच्या आतलं इतकं अचूक ओळखलं, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

रेडिओचे सुरुवातीचे मनोरे उभारणाऱ्यांना मात्र वाऱ्याने चांगलाच धडा दिला. मार्कोनीने 1901 मध्ये इंग्लंडमधल्या पोल्डूला आणि अमेरिकेतल्या केप कॉडला उंच डोलकाठ्यांची वर्तुळं उभारली. काठ्यांची डोकी तारांनी एकमेकींना बांधलेली, त्यामुळे एक कोसळली की बाकीच्याही जाणार. पोल्डूचं वर्तुळ सप्टेंबरात पडलं, केप कॉडचं नोव्हेंबरात. दोष जमिनीचा नव्हता, बांधणीचा होता. नंतर दोन्हीकडे चार-चार भक्कम लाकडी मनोरे आले आणि जानेवारी 1903 मध्ये केप कॉडहून राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांचा संदेश इंग्लंडच्या राजाकडे गेला. पण हे केंद्र वाळूच्या कड्यावर होतं. तिथला किनारा समुद्र दरवर्षी सरासरी मीटरभर खातो. त्या जागेचा बराचसा भाग आता उरलेला नाही. पाया कितीही चांगला असो, तो ज्या वाळूत आहे ती वाळूच जागेवर राहणार का, हे आधी बघावं लागतं.

तोवर पाया बेतला जायचा अनुभवाने. मातीच्या घर्षणाचं गणित कूलाँ या फ्रेंच अभियंत्याने अठराव्या शतकातच मांडलं होतं, पण मातीतल्या पाण्याचा हिशेब सुटला तो कार्ल टेर्झागी या ऑस्ट्रियन अभियंत्यामुळे. 1925 च्या त्याच्या ग्रंथापासून मृदायांत्रिकी, म्हणजे माती भार कसा पेलते याचा अभ्यास, हे स्वतंत्र शास्त्र झालं. त्याचा मूळ विचार असा: कण एकमेकांवर जितक्या जोराने टेकलेले, तितकंच वाळूचं बळ, मधल्या पाण्याने तोललेला भार त्यात धरायचा नाही. मनोऱ्यापुरतं बोलायचं तर घनमीटरभर काँक्रीट साधारण 2.4 टनांचं, पण भूजलाखाली ते 1.4 टनांइतकंच कामाला येतं. वाळूचं वजनही असंच घटून घनमीटरला जेमतेम एक टन उरतं. उन्हाळ्यात पक्का वाटणारा पाया पाणी वर आलं की हलका होतो तो यामुळे.

वाळू किती घट्ट आहे हे कळायला ठोक-चाचणी आली. 63.5 किलोचा घण 76 सेंटिमीटरवरून सोडायचा आणि नळी 30 सेंटिमीटर आत जायला किती ठोके लागले ते मोजायचं. दहाच्या आत असतील तर वाळू सैल, तिसाच्या वर गेले तर घट्ट.

आता ज्या गोष्टीने प्रत्यक्षात सर्वांत जास्त घोटाळा केला, ती. मनोऱ्यांसाठीच्या अमेरिकी मानकात पुष्कळ वर्षं ‘सामान्य माती’ अशी संज्ञा होती. तिची व्याख्या चिकट मातीची, दर चौरस फुटाला 4,000 पौंड पेलणारी. उत्पादकांचे तयार आराखडे तिच्यावरच बेतलेले. नाव ‘सामान्य’, म्हणून वाळूत बांधणाऱ्यालाही तो आराखडा आपल्यासाठीच आहे असं वाटायचं. 2005 च्या ‘जी’ आवृत्तीत ही संज्ञा गेली आणि चिकणमाती व वाळू यांचे गृहीत आकडे वेगवेगळे दिले गेले. जुने आराखडे मात्र अजून हातोहाती फिरतात. तसा कागद समोर आला तर त्यात मातीचा प्रकार कोणता धरलाय, हे आधी शोधा.

वाळूतला खड्डा स्वतः खणून पाहिला की यातलं बरंच आपोआप उमगतं. एक पाटी बाहेर काढावी तर दोन आत घसरतात. कडा 33 अंशांच्या आसपास उतरत्या होऊनच थांबतात. दीड मीटर रुंद आणि दोन मीटर खोल खड्डा हवा असेल तर तोंड सात मीटरच्या वर जातं. ओलसर वाळूची भिंत काही वेळ उभी राहते आणि तिथेच माणूस फसतो. ओल सुकली की ती भिंत न सांगता कोसळते. आधाराच्या फळ्या लावल्याशिवाय अशा खड्ड्यात कुणी उतरू नये, हे मी कळकळीने सांगतो. दुसरी गोष्ट, पायाच्या काँक्रीटच्या ठोकळ्याभोवती परत नुसती लोटलेली वाळू सैलच राहते. ती वीतभर जाडीच्या थरांनी, धुम्मसाने चोपत भरावी लागते. म्हणून वाळूत खोल, अरुंद ठोकळ्यापेक्षा रुंद तळाचा पसरट पाया आणि त्याच्यावर चोपलेली भरणी हा मार्ग रुळला. तत्त्व मिचेलचंच: वरची वाळू ओझं म्हणून वापरायची.

ताणतारांच्या, म्हणजे चहूबाजूंनी तारांनी ताणून धरलेल्या मनोऱ्यांत तर मिचेलचा स्क्रूच परत आला आहे. तारेचं टोक जमिनीत धरून ठेवणारा स्क्रू-नांगर यंत्राने फिरवत उतरवतात. खड्डा नाही, भरणी नाही, भोवतालची वाळू फारशी हलतही नाही. फिरवताना किती जोर लागला ते यंत्रावर दिसतं, आणि त्यावरून नांगर किती ओढ सोसेल याचा अंदाज काढतात. जोर कमी भरला तर पुढचा दांडा जोडून नांगर आणखी खाली नेतात.