पडद्यापलीकडचे प्रभुभोजन : साथीच्या काळातील पाळकीय सेवेची पार्श्वभूमी

मार्च २०२० च्या शेवटच्या आठवड्यात, कोविडच्या साथीत, इंग्लंडमधल्या सर्वांत मोठ्या ख्रिस्ती मंडळीने, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडने, आपली उपासनामंदिरे बंद केली. भाविकांसाठी तर केलीच, पण पाळकाने, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूने, एकट्याने आत जाऊन प्रार्थना करण्यालाही मनाई केली. सरकारचा नियम इतका कडक नव्हता. रिकाम्या मंदिरातून प्रक्षेपण करायला त्याची हरकत नव्हती. १२ एप्रिलच्या ईस्टरला त्या मंडळीच्या ज्येष्ठ आर्चबिशपांनी स्वतःच्या स्वयंपाकघरातून उपासना चालवली. तो प्रसंग कुणाला हृद्य वाटला, कुणाला शरणागती. पाळकवर्गात त्यावरून उठलेली नाराजी पुढे बराच काळ शमली नाही, आणि ती अगदीच अनाठायी नव्हती.

पूर्वीच्या साथींत पाळकापुढचा प्रश्न वेगळा असे : थांबायचे की पळायचे? १५२७ मध्ये विटेनबर्गला प्लेग आला, तेव्हा तिथल्या धर्मसुधारकाने, मार्टिन लुथरने, लिहून ठेवले की मरणाऱ्यांना पाळकाची गरज असते, म्हणून त्याने थांबावे. मात्र सेवेला पुरेसे लोक असतील तर काहींनी जायला हरकत नाही. १५४३ मध्ये जिनीव्हातल्या बहुतेक पाळकांनी प्लेगच्या रुग्णालयात जाण्याचे धैर्य आपल्यात नाही, अशी नगरसभेपुढे कबुलीच दिली. १६६५ च्या लंडनमध्ये अनेक अधिकृत पाळक शहर सोडून गेले आणि तीन वर्षांपूर्वी पदावरून काढलेले पाळक त्यांच्या रिकाम्या व्यासपीठांवर उभे राहिले. २०२० मध्ये ही मोजपट्टीच मोडली. लक्षणे नसलेला पाळक खाटेपाशी गेला, तर तोच रोग घेऊन जाणारा ठरू शकत होता. इटलीतल्या बर्गामोच्या धर्मप्रांतात त्या मार्चमध्ये वीसहून अधिक धर्मगुरू दगावले. लांब राहणे हीच काळजी झाली, आणि लांबून काय काय देता येते, हा वाद सुरू झाला.

हा वाद सगळ्यात जास्त अडकला तो प्रभुभोजनापाशी, म्हणजे भाकर आणि प्याला मिळून घेण्याच्या विधीपाशी. त्यात दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ झाली. एक ‘आत्मिक प्रभुभोजन’, दुसरे ‘ऑनलाइन प्रभुभोजन’. पहिल्यात भाविक काहीच खात नाही. इच्छा आणि विश्वास यांनीच तो सहभागी होतो. ही काही इंटरनेटच्या काळातली पळवाट नव्हे. कॅथलिकांच्या ट्रेंट इथल्या धर्मसभेने १५५१ मध्ये तिला स्पष्ट जागा दिली होती. इंग्रजी प्रार्थनापुस्तकही म्हणते की पश्चात्ताप आणि विश्वास असलेल्या आजाऱ्याला तोंडाने घेता आले नाही, तरी तो खरोखरच सहभागी झालेला असतो. त्याच पुस्तकात साथीसाठी वेगळी सूचना आहे : संसर्गाच्या भीतीने शेजारीपाजारी येत नसतील, तर पाळक एकट्यानेच रुग्णाबरोबर भोजन घेऊ शकतो. म्हणजे सोळाव्या शतकातल्या माणसांनी हा विचार करून ठेवला होता.

दुसऱ्यात भाविक घरी आपली भाकर आणि प्याला पुढ्यात ठेवतो, पाळक पडद्यावरून शब्द उच्चारतो आणि सगळे एकदम खातात. इथे खरा पेच आहे. ते शब्द तारेतून जाऊन त्या भाकरीपर्यंत पोचतात का? कॅथलिक परंपरेचे उत्तर ठाम नकाराचे होते. इंटरनेटवर संस्कार (प्रभुभोजनासारखे पवित्र विधी) नाहीत, असे रोमने २००२ मध्येच लिहून ठेवले होते. अमेरिकेतल्या एका मोठ्या मेथडिस्ट मंडळीच्या बिशपांनी २०१३ मध्ये या प्रथेला स्थगिती द्यावी असे म्हटले होते. २०२० च्या वसंतात त्यांच्यातल्याच अनेकांनी तात्पुरती परवानगी दिली. धर्मशास्त्र सात वर्षांत बदलले नव्हते, परिस्थिती बदलली होती. परवानगीमागचा हेतू चांगला होता, पण ‘तात्पुरती’ म्हणजे किती दिवस, याची वाच्यता फारशी झाली नाही.

परवानगी न देणाऱ्यांचीही गोची झालीच. पाळक कॅमेऱ्यासमोर भाकर मोडतो, स्वतः खातो आणि मंडळी घरी बसून बघते, हे दृश्य सोळाव्या शतकातल्या सुधारकांनी पाहिले असते तर कपाळाला हात लावला असता. एकट्या पाद्र्याने उरकलेली, लोकांनी नुसती बघायची मिस्सा (प्रभुभोजनाची कॅथलिक उपासना) हीच तर त्यांची मोठी तक्रार होती. १६६२ च्या इंग्रजी नियमानुसार पाळकाबरोबर भोजन घेणारे चार, निदान तीन जण तरी हवेतच. म्हणून काही पाळकांनी ‘लोकांना मिळत नाही, तर मीही घेणार नाही’ असे ठरवून महिनोन्महिने उपवास धरला. ही भूमिका सर्वांत प्रामाणिक होती, पण तिची दखल सर्वांत कमी घेतली गेली.

बघण्याची आणि अडचणीत दुसरी वाट काढण्याची परंपरा मात्र जुनीच. १५७६ च्या प्लेगमध्ये मिलानच्या आर्चबिशपांनी चौकाचौकांत वेद्या उभारल्या, घरात कोंडलेल्यांना खिडकीतून मिस्सा दिसावी म्हणून. त्याआधी, १३४९ च्या जानेवारीत, प्लेगच्या महामारीत इंग्लंडमधल्या बाथ आणि वेल्सच्या बिशपांनी कळवले होते की पाद्री मिळत नसेल तर मरणाऱ्याने सामान्य माणसापाशी, पुरुष नसेल तर स्त्रीपाशीही, पापांची कबुली द्यावी. १९१८ च्या इन्फ्लुएंझात अमेरिकी शहरांतल्या वृत्तपत्रांनी प्रवचने छापली.

पोटापाण्याची बाजू चर्चेत उशिरा आली. १३४९ च्या त्या महामारीत इंग्लंडमधले पाद्री इतके मेले की उरलेल्यांची मागणी वाढली, ते जास्त पैसे मागू लागले आणि १३५० मध्ये कँटरबरीच्या आर्चबिशपांनी त्यांच्या वेतनावर मर्यादा घातली. २०२० मध्ये नेमके उलटे झाले. अर्पणाची थैली फिरेनाशी झाली. ज्यांचे दशमांश (सभासदांनी मंडळीला द्यायचा उत्पन्नाचा दहावा वाटा) आधीच बँकेतून येत होते त्या मंडळ्या तरल्या. रविवारच्या रोख अर्पणावर चालणाऱ्या लहान मंडळ्यांचे पाळक अडचणीत आले. अमेरिकेत एप्रिलपासून पगारासाठीची सरकारी कर्जे उपासनामंदिरांनाही खुली झाली. राज्य आणि धर्म वेगळे ठेवणाऱ्या देशात हे अनेकांना खटकले.

पैशाइतकीच ओढाताण वेळेची होती. चित्रीकरण, वयस्कर सभासदांना रोजचे फोन, मोजक्या माणसांत उरकलेले दफनविधी, हे सगळे एकाच माणसाच्या अंगावर आले. मंदिरे उघडल्यावर सामुदायिक प्याल्याऐवजी कित्येक ठिकाणी वेगवेगळे पेले आले. जंतूंच्या भीतीने ते १८९० च्या दशकातच निघाले होते. कॅमेरा मात्र बहुतेक ठिकाणी काढला गेला नाही. घरून बघणारे काही जण परतलेच नाहीत, आणि पाळक आता एका पगारात दोन मंडळ्या सांभाळतो : एक बाकांवरची, एक पडद्यापलीकडची.