पुण्याचं ऊन, सावळी त्वचा आणि बाहेरून आलेले नियम

पुणे साधारण 18.5 अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे वर्षातून दोनदा, मेच्या मध्यावर आणि जुलैच्या अखेरीस, भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो. जुलैतला शून्य सावलीचा दिवस बहुधा ढगांत जातो, मेमधला मात्र चांगलाच जाणवतो. ऊन त्वचेला काय करतं याचा शोध ज्या देशांत लागला, तिथे असा दिवस कधी येतच नाही. सनस्क्रीनच्या बाटलीपासून ड जीवनसत्त्वाच्या गोळीपर्यंत आपल्याला जो सल्ला मिळतो, त्यातला बराचसा गोंधळ इथून सुरू होतो.

1801 मध्ये जर्मनीत रिटर यांना सूर्यप्रकाशातल्या जांभळ्या रंगापलीकडे, डोळ्यांना काहीच दिसत नाही अशा जागी, चांदीचा क्षार सर्वांत लवकर काळा पडताना दिसला. हे अतिनील किरण. त्वचा भाजते ती उष्णतेमुळे नव्हे तर या किरणांमुळे, हे स्वीडनच्या विडमार्क यांनी 1889 मध्ये दाखवलं. मग काही दशकं युरोपात ऊन म्हणजे औषधच झालं. त्वचेच्या क्षयावरच्या प्रकाशोपचाराबद्दल फिन्सेन यांना 1903 चं नोबेल मिळालं, आणि 1919 मध्ये बर्लिनमध्ये मुडदूस (हाडं मऊ पडून वाकण्याचा रोग) झालेली मुलं अतिनील दिव्याखाली बरी झाली. त्याच किरणांनी उंदरांना त्वचेचा कर्करोग होतो हे 1928 मध्ये दिसलं, तेव्हा कुठे भीती सुरू झाली.

आपल्याकडे उन्हाचा उपयोग त्याआधीपासून होताच. कोडावर बावची ही वनस्पती देऊन रुग्णाला उन्हात बसवणं हा आयुर्वेदातला जुना उपचार. बावचीतलं सोरालेन त्वचेला अतिनील किरणांबाबत संवेदनशील करतं. 1970 च्या दशकात आधुनिक वैद्यकानं सोरालेन आणि अतिनील दिवा यांची जोडी स्वीकारली.

या उपचारात कुणाला किती किरण द्यायचे हे ठरवण्यासाठी 1975 मध्ये हार्वर्डच्या फिट्झपॅट्रिक यांनी त्वचेचे प्रकार पाडले. पहिली यादी फक्त गोऱ्या त्वचेची होती. आपल्यासारख्या गव्हाळ-सावळ्या त्वचेचे वर्ग नंतर जोडले गेले. सनस्क्रीनवरचा एसपीएफचा आकडाही त्वचा किती उशिरा लाल होते यावरून काढतात, तोही उजळ त्वचेवर. सावळ्या त्वचेवर लाली नीट दिसतही नाही. आपली तक्रार असते काळवंडण्याची, वांगाची. वांग गडद होण्यात डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाचाही हात असतो आणि त्याविरुद्ध साधी रंगहीन सनस्क्रीन फारशी उपयोगी पडत नाही, ही गोष्ट एसपीएफच्या आकड्यात येतच नाही. माझ्या मते आपल्याकडच्या जाहिरातींनी लपवलेली सर्वांत मोठी गोष्ट हीच.

मुळात ऊन मोजायचं काम पुण्यात उत्तम झालं आहे. 1928 मध्ये हवामान खात्याचं मुख्यालय सिमल्याहून शिवाजीनगरला आलं. मुख्यालय पुढे दिल्लीला गेलं, पण ती इमारत आजही सिमला ऑफिस म्हणूनच ओळखली जाते. तिथे 1948 मध्ये भौतिकशास्त्रज्ञ अण्णा मणी रुजू झाल्या. परदेशी उपकरणांवर विसंबून न राहता त्यांनी ती इथेच बनवून घेतली, 1957-58 च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षात देशभर सौर किरणं मोजणारी केंद्रं उभी केली आणि पुढे ओझोन मोजणारं यंत्रही तयार केलं. अतिनील किरण जमिनीवर किती पोचणार हे बरंचसं ओझोनवर ठरतं. त्वचेच्या कुठल्याही चर्चेत या बाईंचं नाव आदरानं यायला हवं, आणि ते जवळपास कधीच येत नाही.

ड जीवनसत्त्वाचं कोडंही याच भूगोलातलं आहे. सूर्य तिरका असताना त्वचेत हे जीवनसत्त्व तयार करणारे अतिनील-बी किरण वातावरणातच अडतात, म्हणून बाळाला दाखवलेल्या सकाळच्या कोवळ्या उन्हात ते थोडेच असतात. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असते तेव्हा ते भरपूर मिळतात, पण त्याच वेळी सगळे घरात किंवा ऑफिसात. सावळ्या त्वचेला तेवढ्याच जीवनसत्त्वासाठी जास्त वेळ लागतो. हिंजवडीच्या काचेआड बसलेल्याला अतिनील-बी मिळतच नाहीत. सुरकुत्या आणणारे अतिनील-ए मात्र काचेतून बऱ्यापैकी आत येतात.

आणि पुण्याच्या दुचाकीवरचा स्कार्फ? तो धूर-धुळीसाठीही असतो, पण उन्हापुरतं बोलायचं तर कापडाची वीण महत्त्वाची. उजेडात धरल्यावर पलीकडचं स्पष्ट दिसत असेल, तर त्या कापडातून अतिनील किरणही जातात, आणि घामानं भिजलेल्या सुती कापडातून आणखी जास्त. दाट विणीचा, गडद रंगाचा स्कार्फ आणि सनकोट दुपारी बाराच्या प्रवासात खरंच कामाचा. फक्त ड जीवनसत्त्वाची सोय मग आहारातून किंवा डॉक्टरांना विचारून गोळीतून करावी लागते.