‘कौतुक’ आले कुठून?

कुणी चांगले काम केले की आपण त्याचे कौतुक करतो. मूळ संस्कृतात मात्र या शब्दात स्तुती नव्हती. ‘कुतुक’ म्हणजे उत्सुकता, त्यापासून ‘कौतुक’. अमरकोश या संस्कृत शब्दकोशाने कौतूहल, कौतुक, कुतुक आणि कुतूहल हे चारही शब्द एकाच ओळीत समानार्थी म्हणून दिले आहेत. लग्नात हाताला बांधायच्या मंगलसूत्रालाही, म्हणजे आपल्या कंकणालाही, कौतुकच म्हणत. कालिदासाच्या ‘रघुवंश’ या महाकाव्याच्या आठव्या सर्गाच्या आरंभी नुकतेच लग्न झालेल्या अजाच्या हातात हे ‘विवाहकौतुक’ अजून आहे, तोच त्याचे वडील रघू त्याच्या हाती पृथ्वी सोपवतात.

पुढे भाषांनी हा शब्द आपापल्या वळणाने नेला. बंगालीत कौतुक म्हणजे विनोद, मल्याळममध्ये कुतूहल, गुजरातीत नवल. मराठीत नवलाला माया चिकटली, आणि ‘कोडकौतुक’ हा जोडशब्द त्यातूनच आला.

अर्थ असा सरकल्यामुळे जुना मजकूर वाचताना फसगत होते. ज्ञानेश्वरीतली (शके 1212) सहाव्या अध्यायातली ओवी ‘माझा मराठाचि बोलु कौतुकें’ अशी सुरू होते. ती सर्रास ‘माझ्या मराठीची बोलू कौतुके’ अशी म्हटली जाते आणि मराठीची स्तुती करू या, असा तिचा अर्थ लावला जातो. इथे ‘बोलु’ हे क्रियापद नाही, नाम आहे: बोल. ‘कौतुकें’ म्हणजे लीलेने, सहज. माझा बोल मराठीच खरा, पण तो सहज अमृतालाही पैजेत जिंकेल, असे ज्ञानदेव म्हणतात. चुकीच्या पाठात ही पैजेची ऐटच हरवते.

आजच्या वापरात या शब्दाला दिशा आहे: थोराकडून लहानाकडे, फार तर बरोबरीच्याकडे. ‘मी गुरुजींचे कौतुक केले’ हे कानाला खटकते, कारण करणारा नकळत वरच्या पायरीवर जातो. तिथे ‘गौरव’ किंवा ‘आदर’ हवा. ‘गुरुजींच्या चिकाटीचे कौतुक वाटते’ मात्र चालते. ‘वाटणे’ जोडले की जुने नवल परत येते आणि पायरीचा प्रश्न उरत नाही.

लिहिताना ‘तु’ ऱ्हस्वच. ‘माणूस’, ‘कापूस’ यांच्या सवयीने ‘कौतूक’ लिहिले जाते, पण उपान्त्य, म्हणजे शेवटून दुसऱ्या अक्षराचा, उकार दीर्घ करण्याचा तो नियम तत्सम, म्हणजे संस्कृतातून जसेच्या तसे आलेल्या, शब्दांना लागू नाही. खेड्यापाड्यांत अजून ऐकू येणारे ‘कवतिक’ हे याच शब्दाचे बोलीतले रूप, आणि माया त्यातच जास्त जाणवते.