तोंड आलंय? आधी दिवस मोजा

सकाळी ब्रश तोंडात घातला आणि पेस्टचा फेस खालच्या ओठाच्या आत लागला की जी मस्तकात कळ जाते ना, ती ज्याने सोसलीये त्याला वेगळं काही समजावून सांगावं लागत नाही. मोबाईलचा टॉर्च लावून आरशात ओठ उलटा करून बघा, ४-५ मिलिमीटरचा गोल खड्डा, मधे पिवळट पांढरा थर आणि भोवती लालभडक कडा.

तो थर बघून बऱ्याच जणांना वाटतं पू झालाय, अँटिबायोटिक घेऊया. पण तो पू नसतो, फायब्रिन असतं, म्हणजे गुडघा खरचटल्यावर जी खपली धरते तिचाच ओला प्रकार, तोंडात सतत लाळ असते म्हणून ती वाळत नाही एवढंच. त्यामुळे तो थर खरवडून काढू नका, खालची जखम परत उघडी पडते.

डॉक्टर याला अॅफ्थस अल्सर म्हणतात, साधारण दर पाच माणसांतल्या एकाला कधी ना कधी होतो आणि हा संसर्ग नाही, एकाचा दुसऱ्याला लागत नाही. ओठाच्या बाहेर पाण्याने भरलेल्या बारीक फोडांचा पुंजका येतो तो हर्पीस विषाणूचा, तो मात्र लागतो, दोन्हीत गल्लत करू नका. अॅफ्थसमध्ये आपल्याच प्रतिकारशक्तीतल्या टी पेशी चवताळतात, टीएनएफ अल्फासारखी सूज वाढवणारी रसायनं सोडतात आणि तेवढ्या जागचं अस्तर मरून गळून पडतं, खालच्या नसा उघड्या. म्हणून इतकं झोंबतं. हिरड्या आणि वरचा कडक टाळू यांच्यावर केराटिनचा (नखं, केस ज्याचे बनतात ते टणक प्रथिन) जाड थर असतो, गालाच्या आत, ओठाच्या आत आणि जिभेखाली तो नसतो, म्हणून हे अल्सर बहुतेक वेळा तिथेच येतात.

टी पेशी चवताळतात का, याचं एकच एक कारण नाही. घरात आईवडलांना त्रास असेल तर मुलांनाही होण्याची शक्यता जास्त. गाल चावला गेला, दाताची धार लागते, ब्रेसेसची तार घासते, परीक्षेचा ताण, पाळीच्या आधीचे दिवस, यातलं काहीही निमित्त पुरतं. सिगारेट सोडल्यावर सुरुवातीचे काही आठवडे तोंड येऊ शकतं, म्हणून परत ओढायला लागू नका प्लीज, ते थांबतं. पेस्टला फेस आणणारं सोडियम लॉरिल सल्फेटही काहींना सोसत नाही, वारंवार तोंड येत असेल तर ते नसलेली पेस्ट दोनतीन महिने वापरून बघायला काही हरकत नाही.

आता औषधाचं. छोटा अल्सर ७ ते १४ दिवसांत आपोआप भरतो, डागही राहत नाही. आपण सहाव्या दिवशी वैतागून काहीतरी लावतो, नवव्या दिवशी बरं वाटतं आणि श्रेय त्या औषधाला जातं. खरी मदत होते ती कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्यांची, जेवणाआधी लावायच्या बधिर करणाऱ्या जेलची (त्यातल्या काहींमध्ये बेंझोकेन हे बधिर करणारं औषध असतं, दोन वर्षांखालच्या बाळाला ते अजिबात लावायचं नाही) आणि डॉक्टरने दिलेल्या ट्रायमसिनोलोन या स्टेरॉइडच्या पेस्टची. ही पेस्ट ओल्या जागेवर टिकत नाही, म्हणून आधी स्वच्छ कापसाने टिपून घ्या, मग बोटाने नुसती दाबून बसवा, चोळू नका, झोपताना लावलेली सगळ्यात जास्त वेळ राहते. अॅस्पिरिनची गोळी फोडून तिथे ठेवणारे लोक मी पाहिलेत, त्याने अस्तर भाजतं, जखम मोठी होते.

एखाददुसऱ्या वेळी तोंड आलं तर सोडून द्या, पण दर महिन्याला येत असेल तर रक्त तपासून घ्याच. तोंडाचं अस्तर फार भराभर नवीन होत असतं, त्या नव्या पेशी बनवायला लोह, फोलेट आणि बी१२ लागतं, यातलं काही कमी पडलं की अस्तर पातळ होतं. चार दिवस बी कॉम्प्लेक्स खाऊन लोहाची कमतरता भरून निघत नाही, तिथे नक्की काय कमी आहे ते कळलंच पाहिजे. सोबत जुलाब, वजन घटणं असेल तर आतड्याचा आजार, आणि डोळे लाल होणं किंवा जननेंद्रियावर जखमा असतील तर बेहचेत आजार तपासतात, हुलुसी बेहचेत या तुर्की डॉक्टरांनी १९३७ मध्ये तोंड, डोळे आणि जननेंद्रिय इथल्या या तीन लक्षणांची सांगड घातली होती. छातीच्या दुखण्यावरच्या निकोरँडिलनेही मोठे अल्सर होतात, पण ती गोळी स्वतःहून बंद करायची नाही, डॉक्टरला विचारायचं.

आणि दिवस मोजा. दिसला त्याच दिवशी कॅलेंडरवर खूण करा, तीन आठवड्यांनंतरही तो तिथेच असेल तर डॉक्टरकडे किंवा डेंटिस्टकडे जा, तंबाखू खात असाल तर नक्कीच. लोक दुखणाऱ्या अल्सरला घाबरतात, पण जास्त काळजी करावी ती न दुखणाऱ्या, कडा कडक लागणाऱ्या जखमेची, कारण तोंडाचा कॅन्सर सुरुवातीला अनेकदा दुखत नाही. शंका आली तर तेवढी जागा बधिर करून छोटासा तुकडा काढतात आणि तपासायला पाठवतात, काढायला काही मिनिटंच लागतात.